जुन्या भिंतीचं माप

आई,

तुला जाऊन सोळा वर्षं झाली. आज फार दमले आहे आणि घरात कुणाशी बोलावंसं वाटत नाही, म्हणून तुला लिहिते. गेलं वर्षभर मी एकाच कामावर होते. कोल्हापुरातल्या एका जुन्या काळ्या दगडी शाळेशेजारी नवी इमारत झाली, त्या दोन्हींना जोडणारी काचेची वाट मला करायची होती. भिंती काचेच्या, छतही काचेचं. जुना दगड झाकायचा नव्हता आणि त्याच्यावर भारही टाकायचा नव्हता, म्हणून काच. तू असतीस तर पहिल्यांदा विचारलं असतंस, "ऊन न्हाय व्हय लागत त्यात?" लागतं. सगळे तेच विचारतात.

ही काच भट्टीत कडक करून येते. एकदा कडक झाली की ती कापता येत नाही, घासता येत नाही, त्यामुळे माप आधीच बिनचूक लागतं. साइटवर गडमुडशिंगीचे एक मिस्त्री होते, साठी उलटलेले. त्यांनी मला दोनदा सांगितलं, "मॅडम, भित्तीला मधी पोट आलंय. एकदा वळंब्याची दोरी सोडून बघा की." मी म्हटलं, ड्रॉइंग आहे ना. ड्रॉइंग पाच वर्षांपूर्वीचं होतं, दुसऱ्याच कुणी केलेलं. मी ऑफिसात बसून त्यावरूनच माप पुण्याच्या काचेच्या कारखान्याला पाठवून दिलं.

तुला हसू येईल, किंवा येणार नाही. वारणानगरच्या कॉलनीत आपल्या स्वयंपाकघरात, गॅसच्या ओट्याला लागून तुझं मशीन होतं. बायका मापाला जुना झंपर घेऊन यायच्या आणि तू तो बाजूला ठेवून टेप काढायचीस. "अंग बदलतंय बाई, झंपर कुठला बदलतोय!" एकदा तू बाजारात गेली असताना मी मोठ्या शहाणपणानं शेजारच्या काकूंच्या जुन्या झंपरावरून नवं कापड कापलं. त्या तेव्हा बाळंतपणातून उठल्या होत्या. झंपर बसला नाही. तू त्यांच्या दारात मला मागे उभी करून म्हणालीस, "चूक माझी झाली. दुसरा शिवून देतो." घरी येईपर्यंत मला वाटत होतं, तू एक रट्टा द्यावास.

काच आली आणि दीड इंचानं अडली. दुसऱ्या दिवशी शाळेच्या संस्थेची माणसं, कंत्राटदार, सगळे जमले. विचारलं, माप कुणी दिलं? मी म्हटलं, "साइटवरून आलं होतं." एवढंच म्हटलं. नाव घेतलं नाही, पण साइटवर माप घेणारा माणूस एकच होता, आणि तो माझ्यापासून चार पावलांवर उभा होता. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं, डोक्याची टोपी काढली, परत घातली. कंत्राटदारानं त्याच आठवड्यात त्यांना कामावरून काढलं. नवी काच मागवायला कुणी तयार नव्हतं, म्हणून दगडच छिलायचं ठरलं. ग्राइंडर लावला तेव्हा मी तिथेच होते. ज्या दगडाला धक्का लागू नये म्हणून हा सगळा खटाटोप केला, त्याची पांढरी धूळ माझ्या ओढणीवर बसत होती. कापलेल्या जागेवर स्टीलची पट्टी बसवली. आता लोक येतात, फोटो काढतात, छान झालंय म्हणतात, आणि मी मान हलवते.

आज सकाळी गडमुडशिंगीला गेले. सांगायलाच गेले होते. मिस्त्री दारात खाटेवर बसले होते. "या की मॅडम," म्हणाले, आत बघून चहा टाकायला सांगितलं. काम मिळालं का विचारलं, तर म्हणाले, "आता कोण बलवतंय? माप चुकवणारा मिस्त्री म्हंत्यात." बोलण्यात राग नव्हता, तेच मला सोसवेना. मग त्यांनीच विचारलं, "काच बसली न्हवं नीट?"

मी म्हटलं, बसली. चहा संपवला, कप खाली ठेवला आणि निघाले.

दुपारी कागद घेतला तो त्यांना लिहायला. वर "मिस्त्री" एवढंसुद्धा लिहवेना. तुला लिहायला घेतलं आणि सगळं भराभर लिहून झालं, कारण तू हे वाचणार नाहीस.