प्रशांतच्या वतीनं दिलेला शब्द

सही झालेली नाही! सोमवारी सगळ्या खेळाडूंचे फॉर्म जिल्ह्याच्या कचेरीत जायचे, आज शुक्रवार, आणि आपल्या कबड्डी मंडळाच्या कागदावर प्रशांतच्या नावापुढची जागा अजून कोरी आहे. एकदा का दुसऱ्या संघाच्या कागदावर सही केली की वर्षभर तो आपला नाही. सुभाषला विचारलं तर म्हणतो, "काकू, बोलणी चालू आहेत." कसली बोलणी? मंडळाचा सेक्रेटरी झाला म्हणून याला वाटतं आपण सोयरीक जमवतोय. संदीप मंडळ सोडून गेला तेव्हाही बोलणी चालूच होती. काय पकड होती त्याची! पाय धरला की समोरच्याला देव आठवायचा. आता विठ्ठलवाडीकडून धरणार. वर्षभर आपले लोक घोरतात आणि शेवटच्या आठवड्यात खेळाडूंच्या दारात चपला झिजवतात.

बोलून झालं. आता मायना घालते.

प्रिय वन्सं,

"प्रिय" तन्वीनं घालायला लावलं. "आजी, पत्रात असंच लिहितात." तुम्ही होतात तेव्हा मी तुम्हाला काय काय म्हटलंय ते त्या पोरीला ठाऊक नाही, ते बरं आहे.

उद्या तुमचं वर्षश्राद्ध. सुभाष मैदानाजवळच्या फळ्यावर तुमचा फोटो लावणार आहे. मला म्हणाला, "काकू, आत्यांबद्दल खाली दोन ओळी लिहून द्या." दोन ओळी! एका स्वयंपाकघरात चाळीस वर्षं भांडलो आपण. दोन ओळीत तर तुमच्या नाकावरचा रागसुद्धा बसायचा नाही. माझी शाळा तिसरीपर्यंत, तेव्हा काना-मात्रा चुकला तर फळ्यासमोर उभं राहून हसू नये. हसायचंच असेल तर घरी जाऊन हसावं.

वन्सं, मी या घरात आले तेव्हा तुम्ही नवऱ्याकडून परत आलेल्या होतात. बावीस वर्षांच्या. का आलात ते तुम्ही कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. तुमच्या भावानं एवढंच सांगितलं, "तिला कबड्डीला जाऊ दे, बाकी तिला काही नको." मला वाटलं, बाईमाणसाला हे काय वेड! चड्ड्या घातलेले बाप्ये एकमेकांच्या तंगड्या ओढतात, ते बघायला रोज ठाकुर्लीच्या मैदानावर जायचं? लोक काय म्हणतील?

लोक काही म्हणाले नाहीत. तुमच्या तोंडाला घाबरून.

मंडळाच्या निळ्या बनियनी आपल्या मोरीत धुतल्या जायच्या. मातीचा तो वास! मी किती बोलले त्यावरून. "तुमच्या संघाची घाण माझ्या बादलीत नको." तुम्ही मान वर न करता म्हणायच्यात, "बादली माझ्या भावाची आहे." मग एका रविवारी मला ओढत नेलंत. मी रागानं पाठ फिरवून बसले. कोणीतरी किंचाळलं म्हणून वळून बघितलं, तर आपला एक गडी चार जणांना ओढत रेषेकडे सरपटत होता आणि रेषा फक्त बोटभर लांब. मी उभी राहिले! "अरे हात टाक, मेल्या, हात टाक!" तुम्ही तेव्हा माझ्याकडे बघून जे हसलात ना, त्याचा राग मला अजून येतो.

त्या दिवसापासून आपण दोघी. पंचाची आई-बहीण तुम्ही काढायची, आणि चहावाल्याची मी.

गेल्या महिन्यात एका सामन्यात प्रशांतनं बोनस घेतला आणि पंचानं दिला नाही. स्पष्ट पाय पडला होता रेषेपलीकडे. मी तुमच्याकडे वळले, म्हणायला की हा पंच आंधळा आहे का. तर शेजारी सुभाषची सासू. तिला बोनस म्हणजे दिवाळीत मिळतो तो. मी गप्प बसले, वन्सं. मी! पंच वाचला त्या दिवशी. नुसत्या एकटीनं शिव्या देण्यात काही राम नाही. शिवी दिली की पुढची शिवी शेजारून यायला हवी.

आता एक गोष्ट सांगते. ती तुम्हाला ठाऊक आहे, पण फळा वाचणाऱ्यांना ठाऊक नाही.

तुमच्या दहाव्याला खाडीवरच्या घाटावर आम्ही पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. पाच-सहा कावळे होते समोरच्या झाडावर. यायचे, मान वाकडी करून बघायचे आणि जायचे. अगदी तुम्ही माझी भाजी बघायच्यात तसे. ऊन चढलं. गुरुजींना दुसरीकडे जायचं होतं. मग सुरू झालं. माझा मोठा म्हणाला, "आत्या, तुझी खोली भाड्यानं देणार नाही." कावळा नाही. सून म्हणाली, "आत्या, तन्वीच्या लग्नात तुमच्या पाटल्या घालीन तिला." नाही. सुभाष म्हणाला, "आत्या, मैदानाला कुंपण घालून घेतो." त्याच्या शब्दावर कावळा काय, चिमणी आली नसती.

माझ्या पायात गोळे आले होते. मला तुमचा असा राग आला! मेल्यावरही हट्ट! आणि मी पुढे होऊन मोठ्यानं म्हटलं, "वन्सं, ऐका. प्रशांतला मंडळ सोडून कुठे जाऊ देत नाही. हा माझा शब्द."

वाक्य संपलं नाही तोवर कावळा पिंडावर! नुसता शिवला नाही, अर्धा भात खाऊन गेला. सगळे रडले. मीसुद्धा पदर लावला डोळ्याला. आणि प्रशांत तेव्हा होता कुठे? नाशिकला, स्पर्धेला. त्याला कोणी विचारलं नव्हतं. मी दुसऱ्याच्या खिशातलं काढून देवाच्या ताटात टाकलं आणि वर पुण्य माझं म्हणून मिरवलं.

वर्षभर मी ते विसरून होते. आता ठाण्याच्या एका संघानं त्याला बोलावलंय. गेल्या रविवारी मी त्याला जेवायला बोलावलं. तुम्ही करायच्यात तसा कोंबडीचा रस्सा केला, तांदळाच्या भाकरी केल्या. तो आला, हात धुतले, तुमच्या फोटोला नमस्कार केला, पाटावर बसला. मी ताट वाढलं आणि ताटाशेजारी सुभाषनं दिलेला कागद ठेवला. पेन पण ठेवलं.

"हे काय, काकू?"

"सही कर आणि जेव."

"आधी जेवतो ना."

"आधी सही. रस्सा पळून जात नाही. खेळाडू पळतात."

तो हसला नाही. एरवी हसतो. म्हणाला, "काकू, एकतीसचा झालोय मी. गुडघा बघा." चड्डीत नसतो तेव्हा त्याचा गुडघा दिसत नाही, पँट वर करून दाखवला. भोपळ्यासारखा सुजलेला. "अजून दोन वर्षं. फार तर तीन. भिवंडीच्या गोडाऊनमध्ये मी कॉन्ट्रॅक्टवर खोके उचलतो. ठाण्यावाले पक्की नोकरी देतायत. मुलगी पहिलीत गेली यंदा."

मला त्याचं पटत होतं. पटत होतं म्हणूनच मी चिडले. म्हटलं, "मी वन्संना शब्द दिलाय. त्यांच्या पिंडापुढे. कावळा शिवलाय त्यावर!"

त्यानं पेन बाजूला सारलं. मग म्हणाला, "शब्द तुम्ही दिलात, काकू. मी नाही. मला एक फोन तरी करायचात."

वन्सं, मला आयुष्यात कोणी गप्प केलेलं नाही. तुम्हीही नाही. त्यानं केलं, आणि तेही आवाज न चढवता.

मग त्यानं ते सांगितलं. तुम्ही जायच्या महिनाभर आधी तो तुम्हाला भेटायला आलेला, मी रेशनला गेलेले. तेव्हाच ठाण्यावाल्यांनी पहिल्यांदा विचारलेलं. तुम्ही त्याला काय म्हणालात?

"जा, बाबू. मंडळ काय, मी मेल्यावरही राहील. तुझा गुडघा राहणार नाही. फक्त वैनीला आत्ता सांगू नको. ती शिव्या देईल आणि मग दोन दिवस जेवणार नाही."

हे तुम्ही म्हणालात? मला सोडून त्याला? चाळीस वर्षं एका ताटात लोणचं खाल्लं आपण, आणि एवढी गोष्ट माझ्यापासून लपवलीत? मी दोन दिवस जेवले नसते तर काय मेले असते?

आणि मग कावळा होऊन शिवलात कशाला? तुम्हालाच जर तो जायला हवा होता, तर मी त्याला अडवते म्हटल्यावर झाडावर बसून राहायचं होतंत! की नुसती भूक लागली होती? मला आता तसंच वाटतं. तुम्हाला उन्हात भूक सहन होत नसे. मीच गाढव, त्यातून अर्थ काढत बसले.

प्रशांत म्हणाला, "आत्या सांगून गेली तरी मी गेलो नाही ना अजून. जायचंच असतं तर गेल्या वर्षीच गेलो असतो. इथं मैदानावर आलो की..." आणि थांबला. त्यानं कागद घडी करून खिशात घातला, भाकरी खाल्ली, ताटात हात धुतला नाही, उठून मोरीवर गेला. तुम्हीच लावलेली सवय.

हे सगळं फळ्यावर लिहू का, असं मी त्याला काल विचारलं. होय, विचारलं. म्हणाला, "लिहा. निदान ग्रुपवरचे लोक गप्प होतील." कारण मोबाइलवर काय काय चाललंय ते तुम्ही वाचलं असतंत तर एकेकाला घरी जाऊन झाडूनं बडवलं असतंत. "विकला गेला", "गद्दार", "आत्याचं मीठ विसरला". लिहिणारे कोण? ज्यांनी जन्मात एक चढाई केली नाही. लंगडीत सुद्धा पहिले बाद व्हायचे. मंडळ हरलं की यांना राग येतो, आणि याचा गुडघा सुजला की बर्फ कोण देतं? तुम्ही द्यायच्यात. तुमच्या मागे कोणी दिला का? मी दिला नाही. खरं सांगते, मला सुचलंच नाही.

मलाही तो जायला नको आहे, वन्सं. पण मंडळासाठी नाही. मंडळ गेलं खड्ड्यात. तो रेषेवर उभा राहून मांडीवर थाप मारतो ना, तेव्हा अजूनही एकदा आपल्या बाजूला बघतो. तुम्ही बसायच्यात तिकडे. तो ठाण्याला गेला की इथं तिकडे बघणारं कोणी उरणार नाही. एवढंच आहे माझं रडगाणं. यासाठी मी एका माणसाची नोकरी अडवायला निघाले होते.

आणि गेल्या वर्षी ठाण्याला झालेल्या आपल्या त्या फायनलचं बोलायचं राहिलंय. तुम्ही किती विनवलंत. "वैनी, रिक्षानं जाऊ. मी पायरीवरच बसेन." मी म्हटलं, "दम लागतो, जिना चढवत नाही आणि फायनल बघायचीय! मोबाइलवर ऐका." तुम्ही ओट्याशी स्टुलावर बसून कानाला फोन लावून ऐकलंत. पलीकडून सुभाष ओरडत होता. शेवटच्या चढाईला प्रशांतनं तिघांना मारलं आणि तुम्ही एकट्याच टाळ्या वाजवल्यात. मी भांडी घासत होते. मी वळलेसुद्धा नाही. अठरा दिवसांनी तुम्ही गेलात.

रिक्षा काय दारात मिळत होती, वन्सं. मला कंटाळा आला होता, बस. दमाचं निमित्त होतं.

तर आता नीट ऐका. घाटावर दिलेला शब्द मी परत घेते. तो माझा नव्हताच, द्यायला. कावळ्यानं भात खाल्लाय, तो काही परत मागत नाही. त्याच्या बदल्यात मला एकटीला पेलेल असा शब्द देते. प्रशांत आपल्याकडून खेळो नाहीतर ठाण्याकडून, त्याच्या पहिल्या सामन्याला मी जाणार. रिक्षानं जाणार, जिना बसत बसत चढणार, आणि त्याला दिसेन अशी पुढे बसणार. ठाण्याच्या लोकांत बसावं लागलं तर बसेन. त्यांचा पंच असला तर तुमच्या वाटणीच्या शिव्याही मीच देईन. तुमच्याइतक्या जमणार नाहीत, पण आवाज कमी पडू देणार नाही.

तुमची भावजय,
अनसूया

ता. क. या पत्राचं उत्तर प्रशांतनं द्यायचं. सोमवारच्या आत, स्वतःच्या तोंडानं. सुभाषनं त्याच्या वतीनं बोलायचं नाही, ग्रुपवाल्यांनी नाही, मी नाही, आणि वन्सं, तुम्ही तर मुळीच नाही.