न तुटलेला दोर

लष्कर शहर, आश्विन शुद्ध अष्टमी, संध्याकाळ

परवा महाराजांची दसऱ्याची स्वारी. हत्तीवरच्या हौद्याला वाटेवरच्या शिरसाच्या झाडाची फांदी लागेल, म्हणून ती उद्या उतरवायचीच, असा आमच्या बागखात्याला हुकूम आहे. चढणार रामदीन. वीस वर्षं झाडंच छाटतोय तो.

त्याच्या कमरेचा दोर आज मी स्वतः कोठारात नेला. तीन पेडांपैकी एक तुटलाय, गाठीपासून हातभर अंतरावर. कोठारातल्या कारकुनाने दोर दोन्ही हातांनी ताणून पाहिला. म्हणाला, “जोशीबुवा, हा तुटलाय कुठे? तुटला की जमा करा, नवा लगेच देतो.” नियम तसाच आहे. पण मी तिथे वाद का घातला नाही? तो तुटका पेड तर माझ्या बोटाखालीच होता.

परत येऊन रामदीनला म्हटलं, उद्या चढू नकोस. तो शांतपणे म्हणाला, “लिख के दे दो, बाबूजी.”

लिहून द्यायचा मला धीर झाला नाही. हुकूम मोडला तर माझी नोकरी जाईल.

मग त्यानेच दोर गुंडाळला, तुटका पेड आतल्या बाजूला राहील असा. मला दिसू नये म्हणून. आणि तो पेड दिसेनासा झाल्यावर मला खरंच बरं वाटलं.