पाच कवट्यांचं कारण

३ जून २०२४, सोमवार

"काढून टाक त्या पाच."

सरांच्या खोलीतला कूलर इतका आवाज करतो की वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पुन्हा विचारलं. दिवाकर सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "बेटा, चौसष्ट कवट्या. एकोणसाठ नीट बोलतात, पाच भांडतात. भांडणाऱ्यांना घेऊन कोणी थीसिस लिहितं का?"

सहा वर्षं मी एकच गोष्ट करते आहे – कांगारू काय खातात आणि त्यांची कवटी कशी घडते. ऑस्ट्रेलियातल्या एका संग्रहालयाने कवट्यांचे स्कॅन पाठवले. मी इथे रांझीतल्या घरी बसून स्क्रीनवर त्या फिरवते, मोजते. कोवळा पाला खाणाऱ्यांचा जबडा सडपातळ. चिवट गवत तासन्‌तास चावणाऱ्यांचा जबडा खोल, गालाचं हाड जाड. चावणाऱ्या स्नायूंना धरून ठेवायला तेवढं हाड लागतंच. सगळं छान जुळत होतं. पण पाच मोठे राखाडी कांगारू – पक्के गवतखाऊ! – आणि जबडे बारीक, नाजूक.

काढायच्या तर कारण काय लिहू?

"लिही – नमुने खराब, हाडं झिजलेली. क्रमांक द्यायची गरज नाही."

झिजलेली नाहीत. एकेक कवटी मी शंभरदा फिरवून पाहिली आहे.

४ जून

तीस तारखेला सर रिटायर होतात. त्याआधी प्रबंध जमा झाला नाही तर नवा गाइड, नवी नोंदणी. माझी मुदतवाढ संपलेली. म्हणजे सही सरांचीच, आणि याच महिन्यात.

७ जून

बाबांनी आज भाजीवाल्यालाही सांगितलं. "पोरगी डॉक्टर होऊन राहिली, भैया. सुईवाली नाही, किताबवाली!" मी खिडकीतून ऐकत होते. बत्तीस वर्षं फॅक्टरीच्या भोंग्यावर उठले. आता माझ्या तारखा पाठ करतात. आज म्हणाले, "तेवीस दिवस बाकी, दीक्षा." जणू मला माहीत नव्हतं.

८ जून

संग्रहालयाला मेल केली. पाचही क्रमांक दिले आणि विचारलं – हे प्राणी कुठले, कसे जगले, काही नोंद आहे का? सरांना सांगितलं नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्यापासून काही लपवलं.

११ जून

उत्तर नाही. चव्वेचाळीस डिग्री. खोलीतून बाहेर पडावंसं वाटत नाही, आत बसवत नाही.

१३ जून

सरांशी भांडत काहून नाही मी? आज स्वतःलाच विचारलं.

पहिल्या दिवशी क्लार्कने माझा फॉर्म परत केला होता. रकाने चुकलेले. मी जिन्यावर बसून रडत होते. एक माणूस येऊन शेजारी बसला. प्रोफेसर असून धुळीत बसला! खिशातलं पेन काढून माझा अख्खा फॉर्म पुन्हा भरला. आई गेली तेव्हा महिनाभर रोज फोन. "आज काही खाल्लंस का?" दीक्षितपुऱ्यातल्या त्यांच्या घरी मी त्यांच्या पंगतीला बसून जेवले आहे. फॉर्मवर माझं आडनाव लिहिताना त्यांचा चेहरा बदलला नव्हता, नंतरही कधी नाही.

अशा माणसाला "नाही" कसं म्हणायचं?

१७ जून

उत्तर आलं!!

ते पाचही प्राणिसंग्रहालयातले! पिंजऱ्यात जन्मले, पिंजऱ्यातच मेले. जन्मभर मऊ गोळ्यांचं खाद्य आणि चिरलेली गाजरं. चिवट गवत दाताखाली आलंच नाही! म्हणून जबडा भरला नाही. जात तीच, फक्त ताटातलं बदललं, तर हाड बदललं – एकाच आयुष्यात! माझ्या प्रबंधातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच, आणि मी ती फेकायला निघाले होते. खुर्चीवरून उठून नाचले. बाबा पाहायला आले – "का झालं वं?"

मेल पुन्हा वाचली तेव्हा शेवटची ओळ दिसली. संग्रहालयातल्या बाई लिहितात – हीच माहिती आम्ही २०१६ मध्ये प्रोफेसर दिवाकर यांना कळवली होती.

तीनदा वाचली.

१९ जून

दीक्षितपुऱ्यात गेले. काकू भोपाळला, सर एकटेच. मेलचा कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी वाचला, घडी केली, आत जाऊन चहा टाकला. मी तशीच बसले. दोन कप घेऊन आले आणि समोर बसले.

"मला माहीत होतं."

२०१२ मध्ये त्यांचा एक लेख आला होता – राखाडी कांगारू समजतात त्यापेक्षा पाला जास्त खात असावेत, कवटीच तसं सांगते. त्याच लेखावर ते प्रोफेसर झाले. तो मी वाचला होता, पण त्यात क्रमांक नव्हते. त्यातल्या कवट्या याच पाच. तेव्हा त्यांना वाटलं होतं, प्राणी रानातले आहेत. चार वर्षांनी खरं कळलं.

"तेव्हा दुरुस्ती का नाही पाठवली, सर?"

"उद्या पाठवीन म्हणालो. आठ वर्षं रोज म्हणालो."

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू खरं लिही. मी सही करीन. रिटायर होणाऱ्या माणसाचं काय जातं!"

माझा चहा गार झाला म्हणून दुसरा टाकायला उठले. रागावले असते, धमकी दिली असती, तर बरं झालं असतं. मी भांडून मोकळी झाले असते!

२३ जून

प्रबंधाचं तेच पान उघडं. कर्सर लुकलुकतो. दिवसभर एक ओळ नाही.

२६ जून

बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "त्यानं तुला हात देला होता." थोड्या वेळानं – "पण खोटं तं खोटंच न, बाई."

दोन्ही खरं. मग मी कुठून जाऊ?

२७ जून

लिहिलं. "पाच नमुने खराब, हाडे झिजलेली असल्याने वगळले." एकच ओळ. क्रमांक दिले नाहीत. सरांवर बोट जायला नको.

२८ जून

जमा केला. सरांनी ते पान वाचलं, माझ्याकडे पाहिलं. सही केली. बाबांनी पेढे आणले होते. एक तोंडात धरला, गिळला नाही.

१५ ऑक्टोबर

सर रिटायर झाल्यापासून एकदाही फोन नाही. त्यांचा नाही, माझाही नाही. अधारतालच्या एका शाळेत शिकवते आहे. आज सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "दीदी, विज्ञान में झूठ चलता है क्या?" परीक्षेत आकडे जुळवून लिहिल्याबद्दल तिला मीच रागावले होते. मी फळा पुसायला वळले.

२ फेब्रुवारी २०२५

व्हायवाची तारीख आली. अकरा. बाबांनी माझ्या कुर्त्याला इस्त्री करून ठेवली. नऊ दिवस आधीच!

११ फेब्रुवारी, मंगळवार

बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमनी नेमकं तेच पान उघडलं. "ये पाँच नमूने ख़राब कैसे हुए?"

"जी, हड्डियाँ घिसी हुई थीं." माझाच आवाज, पण ओळखू येईना.

मागच्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दिवाकर सर उभे. "मैडम, वो वाक्य मेरा है. हड्डियाँ बिल्कुल ठीक थीं." आणि सगळं सांगितलं. पिंजरे, गाजरं, २०१६ चं पत्र, आपला लेख. सगळ्यांसमोर, एकदाही न अडखळता.

मी म्हणाले, "मैडम, वाक्य सर का था. पर लिखा मैंने है."

व्हायवा थांबवला. सहा महिन्यांत प्रबंध नव्याने लिहून द्यायचा, पाचही कवट्या क्रमांकांसकट. सरांच्या लेखाची चौकशी होणार.

बाबांना फोन लावला. "डॉक्टर नाही झाले, बाबा. अजून सहा महिने."

पलीकडून – "मंग हसून काहून राहिली वं?"