झाडून गेलेली पार्टी

प्रिय क्षमा,

फोनवर हे बोलायला गेले तर तू विषय बदलशील, म्हणून पत्र. अक्षराला हसू नकोस. हल्ली मी किराण्याच्या यादीपलीकडे काही लिहीत नाही.

आधी बातमी. प्रफुल्ल आता रोज सकाळी काठी टेकत स्वतः फाटकापर्यंत जातो. दूधवाल्याशी हुज्जत घालतो, पेपरवाल्याला उशिराबद्दल झापतो. मी आतून ऐकते आणि नवऱ्याच्या या कटकटीचं मला बरं वाटतं. कमरेच्या ऑपरेशननंतर तिसऱ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये तो सात महिने खिडकीशी बसून होता. लिफ्ट नाही, खाली आणायचं तर चार माणसं आणि एक खुर्ची. शेवटी शेवटी तर त्याने उतरायचं नावच टाकलं होतं. हे तळमजल्याचं घर मिळालं नसतं तर तो त्या खिडकीपासून उठलाच नसता, असं मला खरंच वाटतं.

आणि तेच हातचं जात होतं. "एक पार्टी और है दीदी, आप ही के मराठी लोग," असं सांगून दयाराम दलालाने दोनदा भाव वाढवला, तेव्हा माझं डोकं फिरलं. तुला फोन लावून मी त्याचा यथेच्छ उद्धार केला. तोवर घराचा पत्ता तुलाही सांगितला नव्हता. बयाणा देऊन सौदा पक्का होईपर्यंत कोणाजवळ बोलायचं नाही, नजर लागते, हे आपल्या दोघींच्याही आयांनी शिकवलेलं. त्या दिवशी मात्र माझ्या पोटात काही राहिलं नाही.

शिवाय मला माझी हुशारी सांगायची होती. आपल्या रायपुरात उरल्याच्या कारखान्यांच्या बाजूला बंद घरात काळी धूळ कशी बसते, ते तुला वेगळं सांगायला नको. म्हणून घर दुसऱ्यांदा बघायला गेले तेव्हा मी आधी फरशीच पाहिली. पातळशी काळी धूळ, त्यावर एक पाऊल नाही. दयारामला म्हटलं, परवा पार्टी येऊन गेली ना, मग ती काय उडत आली? तर म्हणतो, "वो मॅडम तो जाते-जाते झाडू लगाकर गई हैं." मी हसतच सुटले. थाप मारायची तर निदान पचेल अशी मारावी! तुलाही म्हटलं, "काहून झाडंन कोणी दुसऱ्याचं घर? पागल हाय का ते बाई?"

तू हसली नाहीस. कोणत्या गल्लीतलं घर, एवढं विचारलंस. मी सांगितलं. "हव," म्हणालीस आणि प्रफुल्लच्या औषधांची चौकशी करून फोन ठेवलास.

दोनच दिवसांत दयारामचा पडेल आवाजात फोन आला. दुसरी पार्टी हटली, मालक आधीच्या भावाला तयार आहे. खोटी पार्टी कशी पळवली, हे मी जो भेटेल त्याला सांगत सुटले. तुला तर पेढे हातात ठेवून सांगितलं. तू पेढा खाल्लास.

मग वास्तुशांत. या घरात तू पहिल्यांदाच येत होतीस. पंगत उठली, भात सांडलेला, नवा झाडू पूजेत मांडलेला. मी चिंधी शोधत होते, तर तू बोलता बोलता मागच्या दारी गेलीस, टाकीमागे हात घातलास आणि जुना झाडू काढून झाडायला लागलीस. तिथे झाडू आहे हे मलासुद्धा ठाऊक नव्हतं, क्षमा.

चार दिवस तो झाडू माझ्या डोळ्यांपुढून हलला नाही. मग आठवलं, त्या दिवशी फरशीवर माझी स्वतःची आधीची पावलंही नव्हती. कोणीतरी खरंच झाडलं होतं. आणि परक्याच्या घरातही धूळ बघवत नाही अशी बाई रायपुरात मला एकच माहीत आहे. तुझ्या आईला, गोदावरीमावशींना, वॉकरसकट दोन मजले उतरवून दवाखान्यात नेताना तुझा जीव कसा मेटाकुटीला येतो, ते मी पाहिलंय. तुलाही हे घर तितकंच हवं होतं. तरी तू बाजूला झालीस, माझ्याकडून पागल ऐकून घेतलंस आणि चकार शब्द काढला नाहीस. मी तुझी फार ऋणी आहे गं. प्रफुल्ल फाटकापर्यंत जातो ती पावलं तू दिलेली आहेत.

काल दयारामकडे जाऊन माफी मागितली. तो बिचारा खरं बोलत होता. त्यानेच सांगितलं, आमच्यापासून तिसरं घर विकायला निघतंय. तळमजला, उंबरा बसका, वॉकर सहज जाईल. लगेच बघून आले. मावशींना घेऊन रविवारी ये. तोवर कोणी विचारलं तर काय सांगायचं, ते दयारामला बजावलंय: एक पार्टी आहे, घर झाडून गेली आहे. यात थाप नाही. मी निघताना चारही खोल्या झाडून आले.

तुझीच,
जिला तू पेढ्यासकट सहन केलंस ती
अपर्णा