अकरावी की डिप्लोमा : निर्णय माझ्याकडे

१३ मे
दहावीचा निकाल. संयोगिताला ९१.४०. तासगावच्या आमच्या शाळेत करिअर मार्गदर्शन कक्ष अकरा वर्षं माझ्याकडे आहे. त्यामुळे घरात गोंधळ होण्याचा प्रश्नच नाही. पर्याय दोन : सांगलीत अकरावी सायन्स आणि सोबत जेईईची स्पेशल बॅच, नाहीतर कराडला पॉलिटेक्निकचा डिप्लोमा. पोरगी म्हणाली, "आबा, मला डिप्लोमाच करायचाय. सिव्हिल." सहलीत कोयनेचं धरण बघून आल्यापासून हेच चाललंय. म्हटलं, निर्णय शास्त्रीय पद्धतीने होईल. तुझं मतही विचारात घेऊ.

१९ मे
तक्ता केला. दोन रकाने, चौदा निकष. डिप्लोमा नऊ, अकरावी पाच. निकष चुकलेत. 'चारचौघांत सांगायला कसं वाटतं' हा राहिलाच होता. त्याला एकट्याला दहा गुण दिले. आता तक्ता बरोबर आलाय.

२४ मे, सायं. ६
सांगलीत क्लास बघितला. एसी. तिथल्या मॅडम मला तीनदा 'सर' म्हणाल्या. माणसांची पारख असलेली संस्था. बॅच ठरवायला ८ जूनला चाचणी. संयोगिता येताना एसटीत खिडकीकडं तोंड करून बसली होती. विचार करत असावी.

२ जून
डिप्लोमाचं ऑनलाइन रजिस्ट्रेशन सुरू. पोरगी मार्कलिस्ट, दाखले सगळं फाइलला लावून माझ्यामागं फिरतेय. म्हटलं, घाई नको. फाइल कपाटात ठेवली. ओरिजिनल कागद आहेत, हरवायला नकोत. किल्ली माझ्याकडे.

५ जून
शाळेचा शिपाई बिराप्पा घरी आला. त्याच्या शिवांजलीला ७८ टक्के, पुढं काय? अर्ध्या मिनिटात सांगितलं : डिप्लोमा. पुढं इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. शेवटची तारीख १६, आजच फॉर्म भर. "लय उपकार झालं, सर," म्हणाला. पालक असा हवा.

१० जून
ही म्हणाली, "पोरीचं एकदा ऐकून तरी घ्या." घेतलं. चाळीस मिनिटं बसलो. त्यातली अडतीस मी बोललो, मुद्दे माझ्याकडे जास्त होते. शेवटी ती म्हणाली, "व्हय, आबा." पटलं तिला.

१४ जून
चाचणीचा निकाल. स्पेशल बॅचमध्ये नाव नाही. 'डी' बॅच. कॉम्प्युटरची चूक असणार. पोरगी शांतपणे म्हणाली, "आबा, मी निम्मा पेपर कोराच ठेवला हुता." तासभर ओरडलो. घसा बसला. मग थंड डोक्यानं विचार केला : माझी मुलगी 'डी'त बसणार नाही. म्हणजे डिप्लोमा. पहिल्यापासून माझा कल तिकडंच होता. पोरगी हसली. महिन्यात पहिल्यांदा. फॉर्म लगेच भरू म्हणाली. म्हटलं, अजून दोन दिवस आहेत.

१६ जून, सायं. ७
विट्याला व्याख्यान होतं. विषय : 'योग्य वेळी योग्य निर्णय'. दीडशे पालक. नारळ, शाल. मोबाइल सायलेंटवर. बाहेर आलो तर संयोगिताचे सतरा मिस्ड कॉल. फॉर्मची मुदत पाचपर्यंतच होती म्हणे. मी मध्यरात्रीपर्यंत धरून चाललो होतो. कपाटाची किल्ली माझ्या खिशात. ही म्हणाली, पोरीनं चार वाजता कुलपावर बत्ता घातला. कुलूप तुटलं नाही. चांगल्या कंपनीचं आहे.
काळजीचं कारण नाही. मुदत वाढतेच.

१८ जून
वाढली नाही.

१९ जून
नाही.

५ जुलै
बिराप्पा पेढे घेऊन आला. शिवांजलीला कराड. सिव्हिल. तीही सोबत होती. माझ्या पाया पडली, म्हणाली, सर, तुमच्यामुळं. संयोगितानं आतून नवीकोरी सॅक आणून तिच्या हातात दिली. कराडसाठी म्हणून मामाकडून मागून घेतली होती. "ने गं. मला आता नको." मी बिराप्पाला म्हणालो, बघ, संस्कार. त्यानं पेढ्याचा बॉक्स तेवढा माझ्यासमोरून उचलून हिच्याकडं दिला.

१४ जुलै
संयोगिता गावातल्याच कॉलेजात अकरावीला. फॉर्म मायलेकींनीच भरला. मला सांगितलं प्रवेश झाल्यावर. निर्णयक्षमता वाढतेय. चांगलंय.

२ ऑगस्ट
कॉलेजात पालक सभा. मला कुणी सांगितलं नव्हतं, कपडे बदलताना हिला बघितलं म्हणून कळलं. सोबत निघालो. दोन शब्द मार्गदर्शन करावं असं मनात होतं. मुद्दे काढून नेले होते. दारातल्या क्लार्कनं यादी बघितली. पालक म्हणून हिचं नाव, हिचाच मोबाइल नंबर. वडिलांच्या रकान्यात आडवी रेघ. हिनं सही केली. संयोगिता शेजारीच उभी होती, माझ्याकडं बघत नव्हती.
क्लार्कनं मला विचारलं, "आन् तुमी कोण, साहेब?"
पोरगी काहीतरी बोलेल म्हणून थांबलो.
मग म्हणालो, "मी सोबत आलोय."
"मग तुमी भाईर बसा," म्हणाला.