पुढचं पान शिवायचं राहिलंय

बाई, इथे गारठ्यात बोटं आखडतात म्हणून अक्षर वाकडं येतंय. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, अक्षर तुझं डोंबिवलीतही वाकडंच होतं, गारठ्याला कशाला बोल लावतोस. बरोबर आहे. मस्कतला मासळीच्या कोल्डस्टोरेजमध्ये आहे मी. कोळ्याचं पोरगं मासे सोडून वाचनालयात काय बसतं म्हणून आई कपाळाला हात लावायची, आणि शेवटी समुद्र ओलांडून मासेच भरतोय खोक्यात.

मी काही पुस्तकांसाठी आलेलो नव्हतो तुमच्याकडे. कोपर स्टेशनच्या बाजूला तुमचं वाचनालय, खाली फुकट पेपर वाचायची खोली, आणि पंखा असा की डोळा लागायचाच. नववीत गटांगळी खाल्लेली, शाळा सुटलेली. नोकरीच्या जाहिराती बघतो असं दाखवायचं आणि टेबलावर डोकं टाकायचं. तुम्ही येऊन पेपर ओढलात. "उलटा धर, सुलटा धर, माझी हरकत नाही. पण घोरू नकोस रे. इथल्या आजोबांना वाटतं, आपल्यातलंच कोणीतरी गेलं." मग माझे हात बघितलेत. "रिकामे आहेत ना? वर ये."

वर फाटक्या पुस्तकांचा ढीग. सुट्टीत कॉलेजची पोरं इंटर्नशिपला आलेली, गळ्यात कार्डं, शेवटी सर्टिफिकेट मिळणार म्हणून कपाटं पुसत होती. एकीने मला विचारलं, "तू कुठल्या कॉलेजचा?" मी काही बोलायच्या आत तुम्ही म्हणालात, "तो खाडीच्या कॉलेजचा. सुई धरता येते का तुम्हाला? त्याला येते." सुई मला येत होतीच. बाबांबरोबर जाळी शिवलेली लहानपणापासून. म्हणून पहिलं पुस्तक शिवलं ते थेट जाळ्याच्या गाठी मारून. उघडेचना. तुम्ही दोन्ही हातांनी ताणून बघितलंत आणि हसू दाबत म्हणालात, "अरे, हे लोकांना वाचायचंय. आत मासा अडकवायचा नाहीये." मग तुम्ही सैल टाका शिकवलात, मैद्याची खळ शिजवायला शिकवलीत, किडा लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. अजून कुठे शिजलेल्या मैद्याचा वास आला की मला तुमची वरची खोली दिसते.

आणि ती कादंबरीवाली आजी. तणतणत जिना चढून आलेली. "अहो बाई, माझी पोर सासरी रडत होती, पान उलटलं तर फौजदार पिस्तूल घेऊन तळघरात उतरला! पोरीचं पुढे काय झालं?" मी दोन पुस्तकं एकदम सोडवून बसलेलो, एकाचे शेवटचे फॉर्म, म्हणजे पानांचे जुडगे, दुसऱ्याला शिवले गेलेले. मी म्हटलं, "आजी, आकडे बरोबर आहेत, बघा की. पानाच्या पुढे पान आहे." कॉलेजची पोरं फुटली हसून. तुम्ही नाही हसलात. आतल्या खोलीत नेलंत आणि हळू विचारलंत, "वाचलं नाहीस, की वाचता येत नाही?" नववीपर्यंत ढकलत ढकलत आलेलो, जोडाक्षर आलं की घाम फुटायचा. तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत. फक्त बाहेर येऊन नियम लावलात. "आजपासून आकड्यावर भरवसा नाही. अलीकडच्या पानाचं शेवटचं वाक्य आणि पलीकडच्या पानाचं पहिलं, दोन्ही मोठ्यानं वाचायची. माझ्या टेबलापर्यंत ऐकू आलं पाहिजे. जुळलं तरच टाका घाल."

तर मी वाचतोय. अडखळतोय, थांबतोय, तुम्ही मेंबरांची पुस्तकं बदलता बदलता तिथूनच अडलेला शब्द पुरवताय. आजोबा लोकांना सवय झालेली. एक जण चष्मा वर करून विचारतो, "पुढे रे?" मी म्हणतो, "पुढचं मला काय माहीत आजोबा, मी सांध्यापुरतंच वाचतो." तो ते पुस्तक शिवून व्हायची वाट बघत बसतो. असं सांध्या-सांध्याने मला वाचता आलं, बाई. कधी आलं ते कळलंही नाही.

तुम्हाला मी तिथे नोकरीला लागायला हवा होतो. त्याला दहावी लागते म्हणून बाहेरून बसायचा फॉर्म तुम्हीच भरलात. पण माझा पाय एका जागी टिकत नाही, आणि खाडीत बाबांच्या जाळ्यात माशांपेक्षा प्लास्टिक जास्त यायला लागलेलं. परीक्षेच्या आधीच व्हिसा आला. तुम्ही रागावला नाहीत. पेपरात गुंडाळून तुमचं जुनं दाभण दिलंत. ते मी हातातल्या बॅगेत ठेवलं, विमानतळावर काढून घेतलं. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. फोनवर तुम्ही विचारायचात, "दाभण आहे ना?" मी म्हणायचो, "आहे ना."

इथला पहिला करार संपत आला तेव्हा मी तुम्हाला मेसेज केला, 'बाई, परत येऊ का?' दोन दिवसांनी तुमचा व्हॉइस मेसेज आला, चांगला लांबलचक. तुम्हाला टाइप करायचा कंटाळा. मी आत खोक्यांचे गाडे लावत होतो. म्हटलं, उद्या सुट्टी, खोलीत कोणी नसेल, निवांत पडून ऐकू. त्याच संध्याकाळी वाचनालयाच्या शिपाईकाकांचा फोन. "बाई गेल्या रे. दुपारी जेवून पडल्या त्या उठल्याच नाहीत."

चार वर्षं झाली. तेव्हा तो मेसेज न ऐकताच मी पुढच्या करारावर सही केली, आणि अजूनही ऐकलेला नाही. फोन बदलला, आधी तो मेसेज नव्या फोनात आला का बघितलं, मग आईचा नंबर. खोलीतल्या कोणी गाण्यासाठी फोन मागितला तर देत नाही, चुकून बोट लागेल म्हणून. ते म्हणतात, काय रे, पोरीचे फोटो आहेत काय?

आता परत करार संपतोय. सुपरवायझर कागद ठेवून गेलाय, उद्या सही पाहिजे. शिपाईकाका म्हणाले, वर ढीग पडलाय, शिवायला कोणी नाही, नवीन बाई विचारतायत तुझ्याबद्दल. म्हणजे 'परत येऊ का' हे विचारलेलं मीच, आणि उत्तर माझ्याच खिशात. अलीकडच्या पानाचं शेवटचं वाक्य माझं आहे, ते मला पाठ आहे. पलीकडचं पहिलं तुमचं.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच आहे, म्हणून सांगतो. तुम्ही 'नको येऊस' म्हटलं असेल, त्याची मला भीती नाही. 'ये' म्हटलं असेल, त्याची आहे.