तिसरं बूच

बाबा, परवा सकाळी खाडीवर जे कळलं ते सांगायला तुमच्याशिवाय मला कोणी नाही, आणि तुम्हाला जाऊन आता तीस वर्षं होत आली. परवापासून मला झोप नाही. चहा ठेवते आणि विसरते. तुमचे जावई दोनदा म्हणाले, डॉक्टरकडे जाऊ या. डॉक्टरला मी काय सांगणार?

आधी गाडीचं सांगते. पॉलिटेक्निकमधून निवृत्त झाल्यावर मला जुन्या लष्करी गाड्यांचं वेड लागलं. एक जीप उभी केली, ती चालती झाली, मग धीर वाढला. कोणीतरी म्हणालं, खाडीपलीकडच्या बंद चिरेखाणीत सहा चाकांचा एक ट्रक पडलाय आणि त्याला खालून होडीसारखं पोट आहे. बघायला गेले तर करवंदीच्या जाळीतून फक्त नाक बाहेर आलेलं. महायुद्धातली गाडी, जमिनीवर ट्रक आणि पाण्यात बोट. मागे पंखा, सुकाणू, सगळं जागच्या जागी, फक्त गंजलेलं. खाणवाला म्हणाला, "न्या हो बाई, नाहीतरी तिच्यात सापच राहतात." दोन वर्षं मी आणि तुमचे जावई तिच्यामागे होतो. कुजलेला पत्रा कापून नवा जोडला, इंजिन सुटं करून पुन्हा बांधलं, आखडलेला पंखा आठ दिवस रॉकेलमध्ये भिजत ठेवला. पोटाच्या तळाला तीन भोकं होती. जमिनीवर आल्यावर आत साठलेलं पाणी सोडायला बुचं काढायची आणि पाण्यात उतरण्याआधी ती परत घट्ट बसवायची. दोन बुचं मूळची, पितळेची, आटे अजून शाबूत. तिसरं कुठे सापडलंच नाही. ते मी लेथवर करून घेतलं.

या सगळ्या कामात तुम्ही माझ्याबरोबर होतात, असं मी लोकांना सांगायचे. बंदरावरच्या वर्कशॉपमध्ये बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या फिटरची मुलगी आहे मी, दुसरं काय करणार, असं हसून म्हणायचे. संध्याकाळी तुम्ही मागल्या दारी रॉकेलने हात धुताय, आई आतून म्हणतेय की आधी साबण लावा मग स्वयंपाकघरात या, आणि मी उंबऱ्यावर बसून तुमच्या खिशातले नट-बोल्ट मापाप्रमाणे लावतेय, हे चित्र मला आजही दिसतं. आणि ती थप्पडही. मी अकरा वर्षांची. वर्कशॉपसमोर एक होडी दुरुस्त होऊन पाण्यात लोटायची होती. तुम्ही विचारलंत, "बूच लावलंय का बघ गं." मी दुसरीकडेच बघत म्हटलं, "हो." तुम्ही वाकून पाहिलंत. बूच होतं, घट्ट होतं. तरी तुम्ही मला मारलंत, सगळ्यांदेखत, आयुष्यात एकदाच. "न बघता हो म्हणालीस," एवढंच बोललात, आणि तुमचे ओठ पांढरे पडले होते. मी कित्येक वर्षं तुमच्यावर रागावलेली होते, बाबा. होडीला काही झालं नव्हतं आणि मी मार खाल्ला होता.

परवा गाडी पहिल्यांदा पाण्यात न्यायची म्हणून भरतीची वेळ बघून आम्ही ती जेट्टीच्या उतारावर आणली. बघ्यांची गर्दी जमली. मी गाडीखाली आडवी होऊन तिन्ही बुचं हाताने तपासली, उठून साडी झटकली, तर समोर काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ आलेले. ऐंशीच्या पुढचे असतील. बोटीवर आयुष्य काढलेला माणूस, चेहऱ्यावरून कळतं. गाडीकडे बघून ते थांबले ते थांबलेच. मग मला म्हणाले, "बुचां लावलीत काय?"

मी चपापले. या गाडीला बुचं असतात हे मलासुद्धा ती उलटीपालटी केल्यावर समजलं होतं.

"लावली. तुम्हाला कसं माहीत?"

"किती?"

"तीन."

"तिनी बघितलांत? हात लावून?"

"हो, आत्ताच. आजोबा, तुम्ही ही गाडी आधी पाहिली आहे का?"

त्यांनी मला विचारलं, तुम्ही कोणाच्या. मी तुमचं नाव सांगितलं. ते उतारावरच खाली बसले. मला वाटलं चक्कर आली. तुमचे जावई पाण्याची बाटली घेऊन धावले. म्हाताऱ्यांनी पाणी घेतलं नाही. ते म्हणाले, "ही गाडी तुज्या बापसाच्या हातातली."

मग ते सांगू लागले. पूल व्हायच्या आधी एक कंत्राटदार याच गाडीतून माणसं खाडीपार नेत असे. तुम्ही तिचे फिटर. तेव्हा मी जन्मलेही नव्हते. एके दिवशी हे गृहस्थ आणि त्यांची चौदा वर्षांची बहीण आत्याकडे निघाले होते. मध्यावर गाडीत पाणी भरू लागलं. उपसायचा पंप आधीच बंद पडलेला. माणसांनी उड्या मारल्या, काठावरच्या होड्या धावल्या, सगळे निघाले, ती मुलगी निघाली नाही. "तुजा बापूस चार येळा बुडी मारून आला. पाचव्याला लोकांनी धरून ठेवला त्याला. मंग काठावर आला नि खिशात हात घातलान. तिसरं बूच त्याच्या खिशात व्हतं."

बाबा, मी त्यांना विचारलं, "कोणी पाहिलं ते?"

"कोणी नाय. त्याला खाडीत टाकता आलं असतं. त्यान माज्या बापसाच्या हातात दिलान. म्हणाला, सकाळी पाणी सोडायला काढलेलं, कोणीतरी हाक मारली, लावायचं ऱ्हायलं."

त्यांच्या वडिलांनी ते बूच पाण्यात फेकलं आणि पोलिसांना सांगितलं, जुना पत्रा फुटला. कंत्राटदाराने गाडी ओहोटीला ओढून काढली आणि खाणीत टाकून दिली. तुमच्याकडून एकच मागितलं, की उद्या तुला पोरंबाळं झाली की त्यांना हे सांग, माझ्या मुलीचं नाव तुझ्या घरात राहू दे. त्यानंतर दरवर्षी पावसाआधी तुम्ही त्यांच्या घराची कौलं परतायला जात होतात, तुम्ही असेपर्यंत. आम्हाला वाटायचं, वर्कशॉपचं काम आहे. भाट्याच्या किनाऱ्यावर आम्ही भावंडं लाटांत खेळायचो आणि तुम्ही आमच्या चपला राखत लांब वाळूत बसायचात. पाण्याला पायसुद्धा लावला नाहीत. आई म्हणायची, तुमच्या बाबांना खारं पाणी सोसत नाही.

मी तुमच्या जावयांना म्हटलं, गाडी परत न्या, मला हे जमणार नाही. म्हातारे उठले. "नको," म्हणाले. "मला बसव."

बसवलं. मी स्टिअरिंगशी, ते माझ्या शेजारी, तुमचे जावई मागे पंपापाशी. चाकं तळापासून सुटली आणि गाडी हलकेच डोलली, तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी समोरची कड धरली. मी सारखी मागे वळून विचारत होते, पाणी येतंय का? तुमचे जावई सारखे म्हणत होते, थेंब नाही. मध्यावर आलो तसे म्हातारे म्हणाले, "हितंच." मी इंजिन मंद केलं. त्यांनी तिचं नाव एकदा घेतलं, पाण्याकडे बघून, हाक मारल्यासारखं नव्हे, नुसतं. मग माझ्याकडे वळले.

"शेवटच्या वर्षी आलेला तवा म्हणाला, पोरगी आता कॉलेजात शिकवते, तिला सांगतो. सांगितलान ना?"

बाबा, तेव्हा मला ती दुपार आठवली. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून कैरी चिरताय. मी पाणी प्यायला आत येते. तुम्ही विळी आडवी करता आणि म्हणता, "जरा बसतेस? एक सांगायचंय." मी म्हणते, "आत्ता नको हो बाबा, पेपर तपासायचे पडलेत." तुम्ही बरं म्हणता आणि परत चिरायला लागता. पुढच्या महिन्यात तुम्ही गेलात. मी ती गोष्ट इतकी विसरले होते की परवा ती खाडीत आठवली तेव्हा मला धक्काच बसला.

"हो," मी म्हटलं. "सगळं सांगितलं होतं त्यांनी."

त्यांनी मान हलवली. खूप वेळ हलवतच राहिले. "मंग बरां झालां," म्हणाले. "खोटा नव्हता तो."

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तरी लिहिलं. मी त्या माणसाला तोंडावर खोटं सांगितलं. तुमची लाज राखायला सांगितलं, असं मी दोन दिवस स्वतःला म्हणत होते. तसं नाही, बाबा. त्या दुपारी मी बसले नव्हते, हे मला त्यांना सांगायचं नव्हतं.